ब्रेक वाजतोय? तेल नको, आधी कान द्या

या महिन्याचा अभ्यास : आपली गाडी, आपली सुरक्षा



आपल्या गटांमध्ये आता गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. कुणी पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर नेते, कुणी पापड-मसाल्याची पाकिटं आठवडी बाजाराला नेते, कुणी सीआरपी म्हणून तीन-तीन गावं फिरते. बऱ्याच जणींनी गाडीसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि वेळेवर फेडलंसुद्धा. पण गाडीतून काही आवाज यायला लागला की आपलं उत्तर ठरलेलं असतं : "यांना सांगते, ते बघतील." ते शेतात असतात, नाहीतर कामाला बाहेरगावी. गाडी तशीच चालत राहते आणि आवाजही तसाच वाढत राहतो.

आजचा पाठ वाजणाऱ्या ब्रेकबद्दल आहे. पाठ संपल्यावर तुम्हाला तीन गोष्टी यायला हव्यात. आवाज कोणता आहे ते ओळखणं, घरच्या घरी काय करायचं आणि काय नाही ते ठरवणं, आणि गॅरेजवर जाऊन नेमकं काम सांगणं. चाक खोलून लायनर बदलायला आज शिकायचं नाही. पण कधी बदलायचा, हे तुमचं तुम्हाला कळलं पाहिजे.

ब्रेक म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या बहुतेक गाड्यांना, म्हणजे स्कूटी असो की स्प्लेंडरसारखी मोटारसायकल, निदान मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असतो. चाकाच्या मधोमध जो गोल डबा दिसतो तो ड्रम. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लायनर असतात, त्यांनाच ब्रेक शू म्हणतात. ते फिरत नाहीत. तुम्ही लिव्हर किंवा पायडल दाबलं की वायर किंवा सळई ओढली जाते, आतला कॅम फिरतो, दोन्ही लायनर बाहेरच्या बाजूला फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. या घासण्यामुळे चाक थांबतं. लिव्हर सोडला की आतल्या स्प्रिंगा लायनरला परत जवळ ओढून घेतात.

काही गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतो. चाकाच्या बाजूला चकचकीत, भोकं असलेली गोल थाळी दिसते ती डिस्क. तिला दोन बाजूंनी दोन पॅड चिमट्यासारखे पकडतात. इथे वायर नसते, पॅड दाबायचं काम ब्रेक ऑइल करतं.

दोन्हींचं तत्त्व एकच. ब्रेक घासण्यावर चालतो. घासणं कमी झालं की थांबणं कमी झालं. ही एक ओळ आजच्या पाठाचं मूळ आहे, कारण पुढची सगळ्यात मोठी चूक इथूनच सुरू होते.

सगळ्यात मोठी चूक : आवाज आला की तेल

आपल्या घरात वाजणाऱ्या वस्तूला एकच औषध असतं. शिलाई मशीन वाजलं, तेल सोडा. दाराची बिजागरी कुरकुरली, तेल सोडा. मशीनला आणि बिजागरीला ते बरोबरच आहे, कारण तिथे आपल्याला घासणं कमी करायचं असतं. ब्रेकमध्ये आपल्याला घासणंच हवं असतं. तिथे तेल सोडणं म्हणजे ब्रेकचं कामच काढून घेणं.

मी फिरते त्या भागातल्या एका ताईंच्या स्कूटीचा मागचा ब्रेक महिनाभर चीं-चीं वाजत होता. घरातल्या कुणीतरी मायेनं मागच्या ड्रममध्ये तेल सोडलं. आवाज त्याच दिवशी बंद झाला, घरातली सगळी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचे कॅन लावून ताई पाझर तलावाच्या उतारावर आल्या, ब्रेक दाबला, आणि गाडी थांबेचना. बांधावरच्या घाणेरीच्या झुडपात गाडी घुसली म्हणून वाचल्या. दूध सांडलं, कोपर सोलला, पण हाड शाबूत राहिलं. गॅरेजवर चाक खोललं तेव्हा दोन्ही लायनर तेल पिऊन काळे झाले होते. असे लायनर धुऊन, पुसून किंवा घासून परत चांगले होत नाहीत. त्यांच्या अंगात तेल मुरलेलं असतं, गरम झाले की ते पुन्हा वर येतं. ते बदलावेच लागतात.

म्हणून पक्कं लक्षात ठेवा. आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं असं नाही. ड्रममध्ये, लायनरवर, डिस्कवर आणि पॅडवर खोबरेल, मशीनचं तेल, इंजिन ऑइल, ग्रीस, रॉकेल, डिझेल, यातलं काहीही जाता कामा नये. चेनला ऑइल लावतानाही सांभाळा. जास्त लावलं की ते उडून चाकाकडे जातं. गॅरेजवर गाडी धुताना खालून डिझेल मारतात, तेव्हा "दादा, ब्रेकवर मारू नका" असं आधीच सांगा.

आवाज ओळखायला शिका

डॉक्टरकडे गेल्यावर ते विचारतात ना, कुठे दुखतं, कधीपासून, दाबल्यावर दुखतं की नुसतंच? ब्रेकलाही असेच प्रश्न विचारायचे. पुढून वाजतो की मागून? ब्रेक दाबल्यावर वाजतो की न दाबताही? पावसात किंवा गाडी धुतल्यावरच वाजतो की रोज? आणि आवाज कसा आहे? आता एकेक आवाज पाहू.

१. सकाळी पहिल्यांदा "चीं" करून थोड्या वेळानं बंद होणारा आवाज. रात्रभर दव पडलं, पाऊस झाला किंवा गाडी धुतली की ड्रमवर आणि डिस्कवर ओल आणि हलका गंज धरतो. सुरुवातीच्या चार-पाच ब्रेकमध्ये तो घासून निघतो. यात काळजीचं काही नाही. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावरही ब्रेक असाच वाजतो आणि थोडा वेळ कमी लागतो. अशा वेळी लगेच वेग घेऊ नका. हळू चालत दोन-चार वेळा ब्रेक अलगद दाबा, उष्णतेनं आतलं पाणी सुकतं. ब्रेक नीट लागतोय याची खात्री झाली की मगच वेग वाढवा.

२. रोज, प्रत्येक ब्रेकला येणारी बारीक, तीव्र "चींऽऽ". याची नेहमीची कारणं तीन. एक, ड्रमच्या आत लायनरची भुकटी आणि रस्त्याची धूळ साचली आहे. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या आपल्या गाड्यांत हे फार होतं. दोन, लायनरचा पृष्ठभाग तापून-तापून काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. मोटारसायकल चालवताना काही जणींचा उजवा पाय कायम ब्रेकच्या पायडलवर टेकलेला असतो. थोडाथोडा ब्रेक सतत लागत राहतो, लायनर तापतो आणि कडक होतो. तीन, लायनर हलक्या दर्जाचा बसवलेला आहे. हा आवाज लगेच धोक्याचा नसतो, पण आठ-पंधरा दिवसांत गाडी दाखवावी. ड्रम खोलून साफ करणं आणि लायनर पॉलिश पेपरनं हलके घासणं, एवढ्यावर बऱ्याचदा काम होतं.

३. ब्रेक दाबल्यावर "खर्रर्र" असा लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज. हा धोक्याचा आवाज आहे. लायनरचा किंवा पॅडचा घासणारा थर संपला की आतला धातू ड्रमला किंवा डिस्कला कापायला लागतो. बऱ्याच गाड्यांत ड्रम चाकाच्या हबमध्येच बसवलेला असतो. त्याला चरे पडले तर तो लेथवर घासून घ्यावा लागतो, नाहीतर हब किंवा चाकच बदलावं लागतं. जे काम काही शे रुपयांत झालं असतं ते हजारांवर जातं. आणि त्याआधी ब्रेक कधी दगा देईल याचा भरवसा नाही. हा आवाज आला की त्या दिवशी ओझं नाही, मागे माणूस नाही. हळू चालवत जवळच्या गॅरेजवर जा, नाहीतर मेकॅनिकला घरी बोलवा.

४. ब्रेक न दाबताही येणारा "सर्र-सर्र" घासण्याचा आवाज. ब्रेक जास्त कसला गेला असेल, कॅम गंजून अडकल्यामुळे लायनर परत येत नसतील, किंवा डिस्कमध्ये खडा, चिखल अडकला असेल. अशी गाडी ढकलायला जड लागते, पेट्रोल जास्त खाते आणि चाकाचा मध्यभाग तापतो. थोडं अंतर ब्रेक न मारता चालवून गाडी उभी करा आणि हाताची मागची बाजू ड्रमच्या जवळ न्या. हात लावू नका, भाजेल. एका चाकाचा ड्रम दुसऱ्यापेक्षा फारच गरम लागला तर ब्रेक धरून राहतोय. कधीकधी असा आवाज चाकाच्या बेअरिंगचाही असतो. त्याची परीक्षा पुढे सांगते.

५. ब्रेक दाबताना "खट्ट" किंवा "कट-कट". हा आवाज काहीतरी ढिलं झाल्याचा. पुढून येत असेल तर हँडलचा कोनसेट ढिला असू शकतो, किंवा डिस्कचे पॅड त्यांच्या जागेत हलत असतील. मोटारसायकलच्या मागच्या चाकातून येत असेल तर ड्रमच्या झाकणाला धरून ठेवणारी एक आडवी पट्टी असते, तिचे नट पाहा. ती पट्टी सुटली तर ब्रेक दाबल्यावर झाकणच चाकाबरोबर फिरू शकतं आणि चाक जाम होतं. ढिला नट दिसला तर गाडी हलवू नका, तो आधी कसून घ्या.

६. आवाज कमी, पण ब्रेक दाबल्यावर लिव्हर किंवा पायडल हाताला-पायाला "धडधड" मारतं. ड्रम गोल राहिलेला नाही किंवा डिस्क वाकली आहे. हे काम गॅरेजचंच.

घरच्या घरी पाच तपासण्या

यासाठी एक सखी सोबतीला घ्या. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चावी काढलेली. साडीचा पदर आणि ओढणी खोचून घ्या, बांगड्या मागे सारा. लहान मुलांना लांब ठेवा.

पहिली : उभ्या गाडीची परीक्षा. गाडी जागेवर उभी असतानाच लिव्हर आणि पायडल आठ-दहा वेळा दाबा-सोडा. तोच कुरकुर आवाज आला तर तो ब्रेकच्या आतला नसण्याची शक्यता जास्त. पायडलचा सांधा, लिव्हरचा सांधा किंवा वायर कोरडी पडली आहे. इथे मात्र तेलाचे दोन थेंब चालतात, पण फक्त हँडलजवळच्या लिव्हरच्या खिळ्यावर आणि पायडलच्या सांध्यावर. खाली ओघळलेलं तेल लगेच पुसा. लिव्हर सोडल्यावर झटकन परत आला पाहिजे. रेंगाळत आला तर वायर किंवा कॅम अडकतोय, तो दाखवून घ्या.

दुसरी : चाक फिरवून पाहणं. गाडी डबल स्टँडवर लावा. गिअरची गाडी असेल तर न्यूट्रलमध्ये घ्या. मागचं चाक हातानं टायरला धरून फिरवा, चेन आणि ताऱ्यांपासून बोटं लांब. चाक सहज दोन-तीन फेऱ्या मारतं का? घासल्याचा आवाज येतो का? आता दुसऱ्या सखीला ब्रेक हळूच दाबायला सांगा. चाक लगेच थांबलं पाहिजे. मग टायर वरून आणि खालून धरून आडवं हलवून पाहा. चाक खडखड हललं तर बेअरिंग गेलं आहे, तो आवाज ब्रेकचा नाही. पुढचं चाक उचलण्यासाठी दुसऱ्या सखीनं मागची सीट नीट दाबून धरावी आणि हीच परीक्षा पुन्हा करावी.

तिसरी : लिव्हर किती दाबला जातो ते. ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधी लिव्हरचं टोक थोडं मोकळं हललं पाहिजे. बहुतेक स्कूटींमध्ये हे अंतर १ ते २ सेंटीमीटर असतं, साधारण बोटाच्या जाडीइतकं. मोटारसायकलच्या पायडलला २ ते ३ सेंटीमीटर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात असतो. अंतर यापेक्षा कमी असेल तर ब्रेक कायम घासत राहील. जास्त असेल तर लायनर झिजलाय किंवा वायर सैल झाली आहे. लिव्हर हँडलच्या मुठीला टेकत असेल तर गाडी बाहेर काढूच नका.

चौथी : झिजेची खूण. पुष्कळ गाड्यांच्या ड्रमच्या बाहेर, जिथे वायर येऊन जोडते त्या दांड्याशी एक छोटा बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण कोरलेली असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपाशी पोचला की लायनर संपला, बदलायचा. गॅरेजवाल्या दादांनी सांगायची वाट पाहायची गरज नाही, गाडी स्वतःच सांगते. चाक खोललेलं असेल तर लायनरचा थर पाहा, साधारण २ मिलिमीटरवर आला की बदलण्याची वेळ आली. डिस्कच्या पॅडवर मधोमध खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपला.

पाचवी : डिस्क ब्रेक असेल तर ऑइल. हँडलवर छोटी डबी असते, तिला बाहेरून दिसणारी खिडकी आणि खालच्या पातळीची रेघ असते. ऑइल रेघेच्या खाली गेलं तर पॅड झिजलेत किंवा कुठून तरी गळतंय. नुसतं भरून मोकळं होऊ नका, कारण शोधायला सांगा. लिव्हर स्पंजासारखा मऊ लागत असेल तर गाडी चालवू नका. त्यात कोणतं ऑइल घालायचं, डॉट ३ की डॉट ४, ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. इंजिनचं ऑइल तिथे कधीच नाही.

आपण काय करायचं, काय नाही

ड्रम ब्रेकच्या वायरच्या किंवा सळईच्या टोकाला एक नट असतो. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की ब्रेक कसला जातो. लिव्हर थोडा सैल झाला असेल तर हा नट अर्धा फेरा फिरवा, चाक फिरवून पाहा, लागलं तर आणखी अर्धा. नटाला एका बाजूनं गोल खाच असते, ती खालच्या गोल पिनेवर बरोबर बसली पाहिजे. शेवटी चाक मोकळं फिरतंय ना आणि ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतोय ना, हे बघा. वरचेवर कसावं लागत असेल तर लायनर संपत आलाय असं समजा. बाण खुणेपाशी पोचला असताना नट कसून दिवस ढकलू नका.

एक सूचना. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय, म्हणजे सीबीएस किंवा त्याऐवजी एबीएस, सक्तीची झाली. अशा स्कूटीत डावा लिव्हर दाबला की मागचा आणि पुढचा दोन्ही ब्रेक लागतात. दोन्हींचा ताळमेळ बिघडू नये म्हणून अशा गाडीचा नट आपण फिरवायचा नाही, ते काम गॅरेजवर द्यायचं.

चाक खोलणं, लायनर-पॅड बदलणं, कॅमला ग्रीस लावणं, डिस्कची हवा काढणं ही कामं माहीतगार माणसाची. चाक परत बसवताना एक नट राहिला तरी जिवावर बेततं. आणि हो, ड्रम खोलल्यावर आतली भुकटी तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका. काही लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्यानं पुसायला सांगा आणि तुम्ही दोन पावलं लांब उभ्या राहा.

गॅरेजवर कसं बोलायचं?

"ताई, दादांना पाठवा, त्यांना सांगतो" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यावर वाद घालायचं कारण नाही, नेमकं बोललं की समोरचा आपोआप नीट ऐकतो. "ब्रेक वाजतोय, बघा जरा" एवढंच सांगितलं तर काय करायचं ते तो ठरवणार. त्याऐवजी असं सांगा :

"दादा, मागचा ब्रेक दाबला की खर्र वाजतं, न दाबता वाजत नाही. चार दिवस झाले. बाण खुणेपाशी गेलाय. लायनर बदला, ड्रमला चरे पडलेत का ते मला दाखवा, आणि कॅम साफ करून ग्रीस लावा. ग्रीस अगदी थोडं."

आणखी चार गोष्टी पाळा. काम सुरू करायच्या आधी खर्च विचारा. नवा लायनर तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा, पाकिटावर कंपनीचं नाव आणि किंमत पाहा. जुने लायनर परत मागून घ्या. बिल घ्या, साधं हातानं लिहिलेलं असलं तरी चालेल. नवा लायनर बसल्यावर पहिले काही दिवस तो ड्रमला पूर्ण टेकत नाही, त्यामुळे ब्रेक थोडा कमी लागतो आणि कधी हलका वाजतोही. तेवढे दिवस वेग कमी, अंतर जास्त.

वेग आणि ओझं

गाडी ताशी ४० किलोमीटरनं चालली असेल तर एका सेकंदात ती सुमारे ११ मीटर, म्हणजे ३६ फूट पुढे जाते. समोर शेळी आडवी आली हे लक्षात येऊन आपला हात ब्रेकवर जाईपर्यंतच जवळपास एक सेकंद जातो. ब्रेक त्यानंतर लागणार. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. मागे दोन कॅन दूध असेल, वर लायनर झिजलेला असेल, तर ते आणखी वाढतं. म्हणून ओझं असेल त्या दिवशी वेग निम्मा ठेवा. दोन्ही ब्रेक एकत्र दाबायची सवय करा, नुसत्या मागच्या ब्रेकवर राहू नका. घाटाच्या उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडू नका. गिअरची गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही आणि लायनर तापत नाहीत.

गाडीचं खातं

आपण बचतीची नोंद ठेवतो, कर्जाची नोंद ठेवतो. गाडीचीही एक पानभर नोंद ठेवा : तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती खर्च आला. लायनर तुमच्या रस्त्यावर, तुमच्या ओझ्यावर किती किलोमीटर टिकतो हे दोन वेळा लिहिलं की तुम्हालाच कळेल, आणि पुढच्या वेळी तो संपायच्या आधी पैसे बाजूला काढता येतील. दूध किंवा मालाच्या हिशेबात पेट्रोल धरता तशी गाडीची देखभालही धरा. नाहीतर नफा कागदावर दिसतो आणि गॅरेजवर निघून जातो.

बैठकीत करून पाहा (अर्धा तास)

पुढच्या बैठकीला गटातल्या दोन तरी गाड्या घेऊन या. त्यात एक स्कूटी असावी. दोघी-दोघींच्या जोड्या करा आणि वरच्या पाच तपासण्या करा. ज्या गाडी चालवत नाहीत त्यांनीही हात लावा, कारण मागे बसणारीलाही थांबायचंच असतं. सचिव ताईंनी गाडीगणिक एक ओळ लिहावी : लिव्हरचं अंतर बरोबर आहे की नाही, बाण कुठे आहे, आवाज कोणता. ज्या गाडीचा बाण खुणेपाशी असेल तिचं काम त्याच आठवड्यात करायचं असं बैठकीतच ठरवा. पैशांची अडचण असेल तर तेवढं छोटं अंतर्गत कर्ज द्यायला हरकत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. शिलाई मशीनला तेल चालतं, मग ब्रेकला का चालत नाही? आपल्या शब्दांत सांगा.

२. ब्रेक न दाबताही घासल्याचा आवाज येतोय. कोणकोणती कारणं असू शकतात? आधी काय तपासाल?

३. आपल्या गावातून बाजाराच्या गावी जाताना सगळ्यात अवघड उतार किंवा वळण कोणतं? तिथे ओझं घेऊन जाताना वेग किती असावा?

४. गॅरेजवर जायचं आहे असं समजून एक सखी मेकॅनिक होईल, दुसरी तक्रार सांगेल. तीन वाक्यांत नेमकं सांगता आलं का, ते बाकीच्यांनी ऐकून सांगावं.

आपल्या गाडीचा कोणता आवाज ओळखता आला आणि त्यावर काय केलं, ते आपल्या सीआरपी ताईंकडे लिहून द्या. पुढच्या अंकाच्या पाठात चेन, टायरमधली हवा आणि बॅटरी घेऊ.

– क्षेत्र समन्वयक